पावसाळ्यात मागे राहणारे

दांडी डाव्या खांद्यावर घ्या. पुढचा गडी उजव्यावर घेणार आहे. दोघांनी एकाच बाजूला घेतली तर मेणा कलतो. खांद्यावर घोंगडीची चौपदरी घडी असू द्या, नाहीतर घाट अर्धा चढेपर्यंत कातडी सोलून निघेल. आणि पुढचा जे ओरडेल ते नीट ऐका. तुम्हाला समोर त्याच्या पाठीशिवाय काही दिसणार नाही. तो ‘खळगा’ म्हणाला की पाय लांब टाकायचा, ‘धोंडा’ म्हणाला की उचलायचा.

साल 1830, महिना एप्रिल. तुम्ही पार गावात आहात, प्रतापगडाच्या पायथ्याशी. 1659 मध्ये अफझलखानाची छावणी याच गावात पडली होती. मेण्यात मुंबईहून आलेला एक साहेब आहे, तापातून नुकता उठलेला. नागोठण्यापर्यंत तो पाण्यानं आला, तिथून महाड, पोलादपूर करत इथवर. आता वर महाबळेश्वरला जायचं म्हणजे रडतोंडीचा घाट. आठ जणांची जोडणी आहे: चौघं दांडीखाली, चौघं मोकळे. पाळी बदलताना मेणा खाली टेकवायचा नाही. चालता चालता एकानं खांदा काढायचा, दुसऱ्यानं घालायचा.

पहिला टप्पा चढलात की कोकणातला उकाडा मानेवर बसतो. दुसऱ्या टप्प्यावर झाडी दाट होते आणि कारवीच्या काठ्या दोन्ही बाजूंनी पोटऱ्यांना घासू लागतात. दम लागतो तेव्हा बोलू नका; नाकानं श्वास घ्या. साहेब आतून एकदा पडदा सारतो, दरीकडे बघतो आणि पुन्हा सारतो. त्याला भीती वाटते आहे आणि ती साहजिक आहे. तुमचा एक पाय निसटला तर तो तुमच्याबरोबरच खाली जाणार.

हा माणूस वर का चालला आहे? 1830 साली कोणत्याही डॉक्टरला हिवतापाचं खरं कारण ठाऊक नाही. डास आणि ताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस 1897 मध्ये दाखवणार आहे. आत्ता सगळ्यांची समजूत अशी की ताप वाईट हवेतून येतो. सखल, ओलसर, कुजट जागेतून निघणाऱ्या वाफेतून. तेव्हा उपाय एकच, उंचावर जाणं. गंमत अशी की कारण चुकीचं असूनही उपाय बऱ्याच अंशी लागू पडतो, कारण साडेचार हजार फुटांच्या थंडीत डासही कमी होतात. कंपनी सरकारला आपले गोरे शिपाई आणि कारकून जिवंत ठेवायचे आहेत. या डोंगरावरच्या वस्तीची पहिली गरज ही होती. बॉल-डान्स आणि घोड्यांच्या शर्यती नंतर आल्या.

माथ्यावर पोचलात की दांडी खाली ठेवा. एप्रिलमध्येही वारा गार लागतो. अंजनीच्या फांद्यांना खोडालगत निळी फुलं लगडलेली आहेत. कुणी तुम्हाला पाणी देईल, कुणी नाही.

आता इथे थोडं थांबू, कारण ही जागा नीट पाहण्यासारखी आहे. समोर नवी पेठ वसते आहे, माल्कम पेठ. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याचं नाव तिला दिलं आहे. झोपड्या, चार दुकानं, मोजून आखलेले रस्ते, बंगल्यांचे पाये. इथून पाच-सहा किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर आहे, तिथे काळ्या दगडाच्या गोमुखातून पंचगंगेचं पाणी पडत राहतं आणि यात्रेकरू शतकानुशतकं येत आहेत. 1665 च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला तिथेच केली. तेव्हा 1824 मध्ये साताऱ्याहून पीटर लॉडविक नावाचा अधिकारी इथल्या कड्यावर पोचला आणि त्यानं महाबळेश्वर ‘शोधलं’, असं पुस्तकांत वाचाल तेव्हा मनात एवढी दुरुस्ती करा: त्यानं ते इंग्रजांना दाखवलं.

आणि हा डोंगर होता कुणाचा? साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा. साताऱ्याहून वर येणारा रस्ता त्यांनी बांधून दिला. 1829 मध्ये ही जागा कंपनीला देऊन बदल्यात त्यांनी वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. लोकांनी येऊन दुकानं थाटावीत म्हणून प्रोत्साहनही त्यांचंच. दहाच वर्षांनी, 1839 मध्ये, कटाचा ठपका ठेवून इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला पाठवलं. 1847 मध्ये ते तिथेच वारले. सातारा पुन्हा दिसला नाही. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे पायऱ्या झिजवत राहिले. महाराजांविरुद्धची चौकशी सुरू झाली तेव्हा साताऱ्याचा रेसिडेंट कोण होता? हाच लॉडविक. तो 1873 मध्ये वारल्यावर त्याच्या मुलानं इथल्या कड्यावर स्तंभ उभारला, आणि त्या टोकाला आज आपण लॉडविक पॉइंट म्हणतो. नाकेखिंडीला माल्कमच्या मुलीचं नाव लागलं, ती केट्स पॉइंट झाली. सिंदोळ्याचा डोंगर पुढे विल्सन पॉइंट झाला. ज्यानं डोंगर दिला, रस्ता दिला, त्या राजाचं नाव पॉइंटांच्या रांगेत शोधा. मला ते सापडत नाही, आणि प्रत्येक खेपेला ते खटकतं.

पुढे चला. वीस वर्षं ओलांडू या. 1850 चा हिवाळा. वेण्णेच्या काठाने खाली उतरा. वरचा तलाव 1842 मध्ये प्रतापसिंहांचे भाऊ आप्पासाहेब महाराज यांनी बांधून घेतला आहे. तलावाखाली नदीच्या दोन्ही अंगांना वाफे दिसतील, काटकोनात आखलेले, एकही तण नसलेले. वाफ्यात वाकलेला माणूस वर बघेल. तो चिनी आहे.

दचकू नका. सिंगापूर-पिनांगकडच्या इंग्रज वसाहतींतून शिक्षा झालेले चिनी आणि मलायी कैदी सरकारनं या डोंगरावर आणून ठेवले आहेत. त्यांच्यासाठी 1834 मध्ये इथे तुरुंग बांधला, सुमारे सव्वाशे माणसांचा. दिवसा ते रस्ते करतात, बागा राखतात, आणि संध्याकाळी वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणतात. बटाटा, गाजर, कोबी अशा विलायती भाज्या या डोंगरावर रुजवण्यात त्यांच्या हातांचा मोठा वाटा आहे. शेजारच्या शिवारातला कुळवाडी बांधावर उकिडवा बसून बघतो आहे. त्याला नाचणी आणि वरी येते, ही नवी शेती येत नाही. पण तो रोज येतो, आणि दोन-तीन हिवाळ्यांत त्याच्याही शेतात बटाट्याचे वरंबे दिसतील.

त्या चिनी माणसाकडून एक जुडी घ्या. त्याची भाषा तुम्हाला येत नाही, पण त्याला मराठी आकडे येतात. ‘दोन पैशे,’ तो म्हणेल. घरापासून हजारो मैलांवर, परतीचा रस्ता नसलेला हा माणूस वाफ्याची कड बोटांनी नीट करत असतो. त्याच्या गुन्ह्याबद्दल मी काही सांगणार नाही, त्याच्या शेतीबद्दल मात्र पोटभर सांगू शकतो: पाणी उतारावर अडवून एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडायचं, शेणखत किती कुजू द्यायचं, धुकं पडलं की पाला का झाकायचा. 1864 मध्ये तुरुंग बंद झाला. सुटलेल्यांपैकी काही जण इथेच राहिले. चायनामन्स फॉल हा धबधबा त्यांच्याच मळ्यांवरून ओळखला जातो. तिथे उभे राहाल तेव्हा धबधब्याकडे पाठ करून एकदा आजूबाजूला बघा. मळे इथेच जवळपास होते.

आता मोसमात जाऊ, म्हणजे गव्हर्नरच्या मोसमात. साल 1884, महिना मे. पुण्याहून टांग्यात बसा. कात्रज, खंबाटकी, सुरूर, वाई. दर काही मैलांवर ताजी घोडी जुंपतात. पसरणीच्या घाटात टांगेवाला शिंग फुंकतो, कारण वळणापलीकडून बैलगाड्यांची रांग उतरत असते. वर माल्कम पेठेत पोचाल तेव्हा ती ओळखू येणार नाही. मुंबई इलाख्याचं सरकारच इथे येऊन बसलं आहे. फाइली, हुजरे, पोस्ट, तारयंत्र, घोडे, कुत्री, मडमांच्या टोप्यांच्या पेट्या, सगळं वर आलं आहे. 1864 मध्ये बांधलेल्या फ्रिअर हॉलमध्ये वर्तमानपत्रं वाचत माणसं बसली आहेत. पारशी आणि बोहरी दुकानदारांकडे विलायती बिस्किटांपासून बंदुकीच्या दारूपर्यंत सारं मिळतं. संध्याकाळी सगळे बॉम्बे पॉइंटकडे निघतात, सूर्य बुडताना प्रतापगड काळा होत जातो ते बघायला. खरोखर बघण्यासारखं असतं; साहेबाला सौंदर्य कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पण तुम्हाला मी मे महिन्यासाठी आणलेलं नाही. तुम्हाला जूनपर्यंत थांबवायचं आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पेठेचा नूर पालटतो. ट्रंका बाहेर येतात. बिलं चुकती होतात, काही होत नाहीत. पंखे ओढणारी पोरं, खानसामे, आया यांचे हिशेब व्हरांड्यात उभ्याउभ्या संपतात. गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम पुण्याला गणेशखिंडीत असतो, त्याची माणसं तिकडे निघतात. आणि बंगल्याबंगल्यांवर दुसरंच काम सुरू होतं. गाड्याच्या गाड्या गवत येतं. माणसं त्याच्या ताट्या विणतात आणि घराला बाहेरून, छपरापासून जमिनीपर्यंत, बांधून टाकतात. इथली घरं जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. इथे वर्षाला अडीचशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भिंत उघडी राहिली तर ऑक्टोबरात आतला गिलावा हातात येईल. म्हणून घराला इरलं घालायचं, शेतात वाकलेल्या बाईला असतं तसं.

शिडीवर चढा आणि ताटीची दोरी ओढून धरा. खालून माळी सांगेल, ‘आजून ताना, वारं खालनं घुसतंय.’ त्याचं ऐका. त्यानं या घराचे बरेच पावसाळे पाहिले आहेत. मालकानं एकही नाही.

पंधरा जूननंतर पेठेत फिरून बघा. दुकानांच्या फळ्या लागल्या आहेत, व्यापारी वाईला-साताऱ्याला उतरले आहेत. धुकं दारातून आत येतं आणि बसून राहतं. मिठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी येते, काडेपेटी चुलीपाशी ठेवावी लागते. रस्त्यावर जळवा. महिनाभर सूर्य दिसत नाही. माळ्याच्या खोपटात दिवसरात्र ओंडका धुमसत असतो. धुरानं डोळे चुरचुरतात, पण धूर बंद केला तर कपडे वाळणार नाहीत. तुम्हाला नाचणीची भाकरी आणि ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण मिळेल. खाऊन झालं की शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला बोलतं करा. तो धावड आहे. याच डोंगरातला लोहदगड भट्टीत गाळून लोखंड काढणं हा त्याच्या लोकांचा, म्हणजे धावड मुसलमानांचा, धंदा. भट्टीला कोळसा लागतो, कोळशाला जंगल. सरकारनं जंगल राखायला घेतलं आणि भट्ट्या विझल्या. साहेबाला फिरायला सावलीचे रस्ते हवे होते. त्या सावलीची किंमत कुणी भरली ते या खोपटात कळतं. तेच जंगल राहिलं म्हणून आज आपल्याला कृष्णा-कोयनेचं पाणी मिळतं, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि धावडाची बाजू फार थोड्यांनी लिहून ठेवली आहे, एवढंच माझं म्हणणं.

पाऊस एवढा का, हे कळायला पाचगणीपर्यंत चालत या. वीस किलोमीटरही नाही. महाबळेश्वरच्या कड्याला आदळून ढग मोकळे होतात आणि मागच्या बाजूला पोचेपर्यंत हलके झालेले असतात. पाचगणीला पाऊस कितीतरी कमी. जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हे हेरलं: वर्षभर राहता येईल असं डोंगरगाव हवं असेल तर ते इथे. त्यानं सिल्व्हर ओक लावले, वस्ती आखली, आणि तो स्वतः इथेच राहिला, इथेच पुरला गेला. बारमाही हवेमुळे इथे शाळा आल्या. मग 1912 मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून तीसेक वर्षं आहेत. क्षयावर औषध नाही. आहे ती फक्त हवा, दूध, अंडी आणि पडून राहणं. व्हरांड्यातल्या खाटेवरच्या तरुणाच्या उशाशी बसलात तर तो तुम्हाला टेबललँडवरच्या वाऱ्याबद्दल विचारेल, कारण त्याला चढायची मनाई आहे. वर जाऊन या आणि त्याला नीट सांगा.

शेवटचा मुक्काम माथेरान. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढला आणि मुंबईकर साहेबांना घरापासून जवळचं डोंगरगाव सापडलं. पण तुम्ही 1907 मध्ये या, नेरळ स्टेशनात. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं पदरचे पैसे घालून दोन फूट अंतराच्या रुळांवरची आगगाडी डोंगरावर चढवली आहे. काम पाहिलं मुलगा अब्दुल हुसेन यानं. डब्यात बसा आणि इंजिनाकडे बघा. जर्मनीत घडलेल्या या इंजिनाची टोकाची चाकं वळणावर थोडी सरकतात, म्हणून ते इतक्या आवळ वळणांतून जातं. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, मग अमन लॉज. जूनमध्ये पाऊस लागला की घाटातली गाडी बंद, थेट दिवाळीच्या सुमारास सुरू. गाडी थांबली की वरचं माणूस पुन्हा पायी.

या पायी चालणाऱ्यांत 1912 साली एका नाभिक घरात एक मुलगा जन्मला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, पुढे सगळ्यांचे भाई कोतवाल. डोंगरगावातल्या पोरानं शिकून मुंबईत वकिली थाटायची, तर हा कायदा शिकून परत इथेच आला. माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आला, उपाध्यक्ष झाला. खालच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत, कर्जतच्या खेड्यांत त्यानं शाळा काढल्या. सावकारी पाशातून कुळं सुटावीत म्हणून धान्यकोठी उभारली. पावसाळ्यात अन्न संपतं हे त्याला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

1942 च्या शरदात त्याच्यामागून चाला. बूट काढा, आवाज होतो. त्याच्या भूमिगत टोळीची, आझाद दस्त्याची, माणसं पाठीवर करवती घेऊन रात्री निघाली आहेत. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे त्यांना पाडायचे आहेत. एकानं कान जमिनीला लावला आहे, दुसरा पोलादाचा पाय कापतो आहे. करवतीची धार तापते आणि तिच्यावर पाणी टाकावं लागतं. मनोरे पडले, कारखाने आणि गाड्या अडल्या, सरकारनं त्याच्या डोक्यावर बक्षीस लावलं. साहेबांनी शिकारीसाठी आणि सहलीसाठी ओळखलेल्या या रानातल्या वाटा कोतवालांना लहानपणापासून पाठ होत्या, म्हणून ते इतके दिवस सापडले नाहीत. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना घेरलं. त्यांचे साथी हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथे मारले गेले. भाई तीस वर्षांचे होते. माथेरानला गेलात आणि पॉइंट बघून उतरलात तर अर्धं माथेरान राहिलं. एक दिवस सिद्धगडच्या स्मारकासाठी ठेवा.

आता आजच्या काळात या. माथेरानमध्ये मोटारीला मनाई असल्यानं पर्यटकाला माणूस ओढत नेत असे, हातरिक्षात बसवून, लाल मातीच्या चढावर. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे मानवी प्रतिष्ठेला काळिमा फासणारं आहे असं सांगून सहा महिन्यांत बंद करायला लावलं, आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात असं राज्य सरकारला बजावलं. पारच्या घाटात तुमच्या खांद्यावर ठेवलेली दांडी कायद्यानं खाली ठेवली जायला एवढी वर्षं लागली. पुनर्वसन कागदावरून रस्त्यावर कितपत उतरतं, हे तुम्ही स्वतः जाऊन बघू शकता. दस्तुरी नाक्यावर उतरल्यावर जो तुम्हाला वर नेईल, त्याला आधी त्याचं नाव विचारा, मग गाव, मग जुलै-ऑगस्टमध्ये घर कसं चालतं ते. तो सांगू लागला तर एखादा पॉइंट चुकला तरी चालेल.